फवारणीतलं नवरात्र

हमीदाखालाचं नाव आधी घेते. काय झालं ते नंतर सांगता येईल. ते आमच्या भागात त्या वर्षांत पुष्कळ घरांत झालं. पण हमीदाखाला आमच्या घरात आली होती, म्हणून तिचं नाव आधी. बाभुळगावच्या बाजारात तिचं बांगड्यांचं लहानसं दुकान होतं, आणि सणासुदीला ती टोपलं घेऊन आसपासच्या खेड्यांत फिरायची. आमच्या गावात तिला सगळेच खाला म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. ती नसती तर माझे बाबा आज नसते. हे मी कुणापुढंही सांगायला तयार आहे.

आज आठवायचं कारण असं, की आमच्या सूतगिरणीतली मशीनं बंद आहेत. इकडे तमिळनाडूत नवरात्राच्या शेवटी यंत्रांची पूजा करतात. काल दिवसभर आम्ही मुलींनी मशीनांवरची रुई झटकली, तेलाचे डाग पुसले. आज सकाळी प्रत्येक मशीनला चंदनाचा आणि कुंकवाचा टिळा लागला, चुरमुरे आणि गूळ वाटला, आणि सगळं थांबलं. एरवी इथं एवढा आवाज असतो की आम्ही एकमेकींचे ओठ पाहून बोलतो. तो आवाज थांबला की घरी काही झालं असेल असं वाटतं. मी लगेच घरी फोन लावते. माय उचलते आणि घाबरून विचारते, "काय झालं वं?" मीही तिला तेच विचारते. आमच्या घरी फोनवर बोलणं असंच सुरू होतं. कुणाला काही झालेलं नाही हे दोघींना पटलं, की मग भाजी कोणती केली ते येतं.

नव्या हंगामाच्या गाठी याच सुमारास यायला लागतात. गाठ फोडली की कापूस श्वास घेतल्यासारखा फुगतो. त्यातली आमच्याकडची कोणती हे मला ओळखू येत नाही. वास येतो फक्त, कोरडा, थोडा मातीचा, आणि मी नकळत हात धुवायला जाते. सोबतच्या मुली हसतात. ओडिशाची एक आहे, ती म्हणते, तू इथं कापसाला शिवायला आलीस की हात धुवायला?

त्या वर्षी कापसाची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. उशिरापर्यंत पाऊस राहिला, झाड वाढतच गेलं, आणि ओळीत शिरलेला माणूस बाहेरून दिसायचा नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन बाबा आत गेले की वर नुसता फवाऱ्याचा धूर हलताना दिसायचा. त्यावरून ते कुठवर गेले ते कळायचं. या बियाण्याला अळी लागत नाही, असं सांगून ते पाकीट दुकानातून आलं होतं. अळी लागली. बोंड वरून हिरवंगार, आणि फोडलं की आत गुलाबी अळी. मग लोक एकात दुसरं औषध मिसळून मारायला लागले. काल शेजाऱ्यानं मारलं, म्हणून आज आपण मारायचं.

आणि नवरात्र बसलं होतं. बाबा नऊ दिवस उपास करायचे आणि पायात चप्पल घालायचे नाहीत. हे त्यांचं लग्नाआधीपासूनचं. फवारणीसाठी व्रत मोडावं, किंवा व्रतासाठी फवारणी थांबवावी, यातलं काहीच त्यांच्या मनात आलं नाही. आमच्याही नाही. सकाळी घटाला पाणी घालून, दिव्यात तेल टाकून, एक केळं खाऊन ते अनवाणी पऱ्हाटीत शिरायचे. तोंडाला ओला दुपट्टा. संध्याकाळी यायचे तेव्हा पोटऱ्यांपर्यंत पाय त्या औषधानं भिजलेले असायचे. आधी आंघोळ, मग पोथी.

पोथी मी वाचायचे. बाबांना वाचता येत होतं, पण माझं वाचणं त्यांना आवडायचं. मी दहावीत होते. अडखळायची नाही, याचं त्यांना कौतुक. नऊ दिवस वाचायची ती देवीची पोथी. तिच्यात शेवटाकडे देवी स्वतः वचन देते, की ज्या घरात हे वाचलं जाईल ते घर मी सोडून जाणार नाही, तिथंच राहीन. वाचता वाचता ते आलं की बाबा "थांब" म्हणायचे, डोळे मिटायचे, मग हातानं खूण करायचे, चाल पुढं. माझ्यासाठी ते वचन म्हणजे घराला कडी असावी तसं होतं. ते वाचलं की झोप लागायची.

त्या दिवशी बाबा दुपारीच परत आले. अंगणात उभे राहिले आणि हलायला लागले. तोंडातून लाळ, अंगातून घाम, हातपाय थरथरत होते, आणि काहीतरी पुटपुटत होते. नवरात्राचे दिवस, उपाशी माणूस, अनवाणी. काका धावत आले आणि ओरडले, "आई आली! दादाच्या अंगात आई आली! निंबू आना, पाणी आना!"

आमच्या गावात दर नवरात्रात कुणाच्या ना कुणाच्या अंगात येतं. पण बाबांच्या कधी आलं नव्हतं, आणि एवढी वर्षं व्रत करणाऱ्या माणसाच्या येऊ नये याचं लोकांना नवलच होतं. म्हणून कुणाला शंका आली नाही. बघता बघता अंगण भरलं. बाया पाया पडायला लागल्या. मी उदबत्त्या आणल्या. खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटला. पोथी मी वाचत होते आणि देवी आली होती.

"आई, अळी कधी जाईन?" कुणीतरी विचारलं.

बाबांची मान हलली.

"होऽ म्हणते! जाईन म्हणते!"

"भाव काय भेटन ते इचारा न बाप्पा," मागून एक म्हातारी म्हणाली. "अळीचं काय, ते तं आपल्यालेबी दिसते."

लोक हसले. एवढ्यात फाटकातून हमीदाखाला टोपलं घेऊन आली. नवरात्रात सगळ्या बायांना हिरव्या बांगड्या लागतात, तेव्हा ती दररोज एका गावी असायची. गर्दी बघून बाजूला उभी राहिली. आमच्याकडे अंगात आलेल्याला, तो पुरुष असला तरी, देवी मानून चोळी-बांगडी करतात. काकांनी तिला पाहिलं.

"खाला, बरी आली. आईले हिरव्या बांगड्या भर. नाही म्हणू नको."

"नाही काहून म्हणीन भाऊ? दरसालचं काम हाय माह्यं."

ती बाबांसमोर बसली. त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. बांगडी भरताना ती आधी हात दाबून बघायची, सांधे मऊ करायची, आणि तेवढ्या वेळात समोरच्या बाईला हसवायची. त्या दिवशी ती बोललीच नाही. हात दाबला, सोडला, पुन्हा धरला. आपला तळहात बुरख्याला पुसला.

"भाऊ, याचा हात असा काहून करून राह्यला?"

"अंगात आल्यावर हात कापतेच, खाला."

"कापते, मले माहीत हाय. पण हे कातडीखाली वळवळ करून राह्यलं. अन् घाम पाहा, पाण्यासारखा चालू हाय. मले काही समजत नाही बाप्पा, पण या हातात म्या बांगडी नाही भरत. याले दवाखान्यात न्या."

एकजण म्हणाला, "खाला, तुमचं वेगळं, आमचं वेगळं. तुम्ही मधात नका पडू."

"बरं, नाही पडत. मंग मले शिव्या देजा," ती म्हणाली, "पण पयले ऑटो आना."

हे तिनं मोठ्या धीरानं म्हटलं असं मला तेव्हा वाटलं. नंतर तिनंच सांगितलं, की तिचे पाय असे लटपटत होते की तिला उठताच येईना, म्हणून ती बसूनच बोलली. भर नवरात्रात, साऱ्या गावासमोर, ही तुमची देवी नाही असं म्हणायचं, आणि ते तिनं म्हणायचं. चुकली असती तर तिला आमच्या गावातच काय, पंचक्रोशीत टोपलं उतरवता आलं नसतं.

माय पुढं आली. तिनं बाबांच्या सदऱ्याला नाक लावलं. मग तो सदरा टराटरा फाडला आणि त्यांच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं. काकांच्या हातातलं निंबू तसंच राहिलं.

ऑटोत बसायच्या वेळी मायचा एक पाय आत आणि एक बाहेर होता. घरात घट बसलेला, दिवा नऊ दिवस विझू द्यायचा नसतो. धाकटा भाऊ तापानं पडलेला. तिला दोन्हींकडे जायचं होतं. खालानं टोपलं आमच्या ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "तू दिव्यापाशी बैस. मी चालली पोरीसंगं." मायला लोक नंतर बोलले, की नवरा मरणाच्या दारात आणि ही दिव्याला तेल घालत बसली. मी नाही बोलले. तिच्या हातात तेवढंच होतं, आणि ते तिनं चुकवलं नाही.

यवतमाळच्या दवाखान्यात त्या दिवसांत फवारणीचेच पेशंट फार होते. नर्सबाईंनी विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"बहीण," खाला म्हणाली.

नर्सबाईंनी कागदावरचं बाबांचं नाव बघितलं, मग तिच्या बुरख्याकडे. "सख्ख्या?"

"नाही, बांगडीवाली."

नर्सबाई हसल्या. "बसा मग. पण खाली बसा, खाटेवर नाही."

त्या वॉर्डाचं मला काय आठवतं? फिनेलचा वास. काकड्या विकणारा माणूस. खाटेच्या दांड्यांना मऊ पट्टीनं बांधलेले हात, कारण विषावरचं औषध दिलं की माणूस बरळतो आणि सलाईन उपटून टाकतो. डॉक्टरांनी ते आधीच समजावलं होतं. बाबा बरळत होते ते आम्हाला कळायचं. ते कापूस वेचत होते. हवेतून चिमटीनं बोंड काढायचे, कमरेच्या ओटीत टाकायचे, पुढच्या झाडाला हात घालायचे. शेजारच्या खाटेवरचा माणूस जरा शुद्धीवर होता, तो म्हणाला, "भाऊ, आमच्या ओळीतलंबी वेचून टाका, मजुरी देतो." मी त्याच्यावर रागावले. खाला हसली. मग मलाही हसू आलं आणि त्यानंतर रडू.

सलाईनसाठी हात उघडायचा तर बाबांची मूठ कुणाला उघडता यायची नाही. सोबत आलेल्या काकांना नाही, वॉर्डबॉयला नाही. खाला ती मूठ मांडीवर घ्यायची, अंगठ्याच्या बुडाशी हळूहळू दाबायची, बोलत राहायची, "ढिला सोड भाऊ, ढिला सोड, फुटन न बांगडी," आणि मूठ उघडायची. दिवसातून कितीदा तरी.

एका सकाळी बाबा म्हणाले, "दिवा काहून नाही लावला?" खिडकीतून ऊन त्यांच्या तोंडावर पडलं होतं.

तेव्हापासून मी घरून आणलेली पोथी पिशवीतून काढून वाचायला लागले. घाईनं, कुजबुजत, एक संपली की पुन्हा पहिल्यापासून. बाबा जगावेत आणि त्यांना दिसावं, एवढंच मागत होते. ते वचन आलं की मी थांबायचे, बाबा थांबायला सांगायचे तसं. काही व्हायचं नाही. मग मी वकिलासारखा विचार करायला लागले. पोथीत घराचं लिहिलं होतं, वॉर्डाचं नव्हतं. ती घर सोडून जाणार नाही म्हणाली होती. म्हणजे ती घरीच असेल, मायजवळ, दिव्यापाशी. घर सोडून तर आम्ही आलो होतो. या विचारानं मला अर्धा दिवस बरं वाटलं. मग वाटलं, जी एवढाच अर्थ धरून बसेल ती देवी कसली? आणि तिला माहीत होतं ना, कोण अनवाणी जात होतं, कुणासाठी?

बाहेर अख्खं यवतमाळ देवीचं होतं. आमच्या जिल्ह्यात दुर्गादेवीचा उत्सव मोठा. चौकाचौकांत मंडप, कमानी, रोषणाई, खेड्यापाड्यांतून आलेली माणसं. पेशंटला भेटायला आलेले पाहुणेही निघताना विचारायचे, कोणत्या चौकातली देवी चांगली आहे. संध्याकाळी जवळच्या मंडपातली आरती वॉर्डात ऐकू यायची, आणि पेशंटची माणसं उभी राहून टाळ्या धरायची. मी एकदा बसूनच राहिले.

"उठ वं," खाला म्हणाली.

"नाही उठत."

"सारे उठले. देवाशी भांडण असंन तं घरी जाऊन भांडजो. इथं दुसऱ्याइचे पेशंट हायेत."

मी उठले. ती स्वतःही उभी होती, भिंतीला टेकून, हात बांधून.

चहा प्यायला बाहेर पडलो तेव्हा गर्दीनं मला त्या मंडपात नेलं. खाला रस्त्याच्या कडेला थांबली. मी अगदी पुढं जाऊन उभी राहिले. मूर्ती सुंदर होती. डोळे मोठे, रंग ताजा. मी त्या डोळ्यांत बघत राहिले, मागचे ढकलेपर्यंत. मला काहीही वाटलं नाही. लोक म्हणतात तसं ना रडू आलं ना हलकं वाटलं. रिकाम्या घराची कडी वाजवून परत यावं, तशी मी परत आले.

चहाच्या टपरीवर मी खालाला विचारलं, "तुमचा अल्लाह जवळ असते म्हणता न तुम्ही?"

"हव. लय जवळ असते, मौलाना सांगते."

"मंग तुले कधी भेटला?"

ती बशीत फुंकर मारत राहिली. "माह्या मोठ्या पोराले ताप आलता, तवा म्या लय शोधलं."

तिला एक मोठा मुलगा होता हे मला माहीतच नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. पोरगा गेला. चाळीस दिवसांनी टोपलं उचललं अन् निघाली." तिनं बशी खाली ठेवली. "पिऊन घे, थंडा होऊन राह्यला."

पुढं काही शिकवण येईल म्हणून मी वाट बघत होते. आली नाही. नमाज मात्र ती चुकवत नव्हती. वॉर्डाच्या बाहेर, पायऱ्यांखालच्या कोपऱ्यात, दुपट्टा अंथरून. भांडण झालेल्या माणसाच्या घरीही आपण जायचं ठेवतो, तसं असेल. मी विचारलं नाही.

बाबा वाचले. दसरा होऊन गेल्यावर आम्ही घरी आलो. त्यांना आधी नुसता उजेड-अंधार कळत होता, मग माणसं ओळखू यायला लागली. पण अक्षर परत आलं नाही, आणि पाठीवर पंप घेण्याएवढी ताकदही नाही. त्या हिवाळ्यात मायसोबत वेचणीला मी गेले. शाळेतून दोनदा निरोप आला. तिसऱ्यांदा आला नाही. मला कुणी शाळा सोड म्हणालं नाही. वेचणी संपली तोवर परीक्षा जवळ आली होती, आणि वहीत शेवटची तारीख नवरात्राच्या आधीची होती.

आम्ही घरी आलो त्या दिवशी काकांनी नारळ फोडला आणि सगळ्यांसमोर खालाला म्हणाले, "देवीनंच पाठवलं खाला तुले. तुह्या रूपानं आईच आली." त्यांचा आवाज भरून आला होता. खोटं नव्हतं ते.

खालानं टोपलं डोक्यावर घेता घेता म्हटलं, "मले कोणी नाही पाठवलं भाऊ. मी एसटीनं आली. कंडक्टरले इचारा."

सगळे हसले. ती नाही हसली. नंतर फाटकापाशी मला हळूच म्हणाली, "तौबा, असं नाही बोलाले पाहिजे. पण माह्ये पाय दुखले न वं." तिच्या टोपल्यातल्या हिरव्या बांगड्या तशाच होत्या. आमचा कापूस घरात येतो तसे तिचे ते नऊ दिवस, वर्षाच्या कमाईचे. त्यातले उरलेले सगळे तिनं वॉर्डातल्या फरशीवर बसून घालवले होते.

काकांचं ते वाक्य मी अजून ऐकते. गावी गेले की कुणीतरी म्हणतंच. बाबांना त्या दुपारचं काही आठवत नाही, पण लोकांनी सांगितलेलं त्यांनी धरून ठेवलं आहे, की आधी थोडा वेळ का होईना, आई आलीच होती. त्यांच्या चेहऱ्यावर ते सांगताना समाधान असतं. मी मोडत नाही. ज्याचे डोळे गेले त्याला एवढं राहू द्यावं. पण मला तसं म्हणता येत नाही. खालाला देवीनं पाठवलं म्हटलं, की नारळ फोडून मोकळं होता येतं. उपकार देवीचे होतात आणि खाला नुसती निरोप्या उरते. तिचे लटपटणारे पाय, तिचा मेलेला मुलगा, हे सगळं कुणा दुसऱ्याच्या नावावर जातं.

आणि देवी? ती होती की नव्हती, मला माहीत नाही. मी बोलावलं तेव्हा ती तिथं नव्हती, एवढं मला माहीत आहे. इकडच्या हॉस्टेलात माझ्या ट्रंकेत पोथी आहे. नवरात्रात वाचते. त्या वचनापाशी माझा आवाज बारीक होतो, पण ओळ मी गाळत नाही. सोडून गेली असं म्हणायला आधी ती आपल्याजवळ होती असं धरावं लागतं, आणि ते मी अजून धरून आहे. आज सकाळी मशीनला कुंकू लावतानाही मी मनात म्हटलं, सगळ्यांना नीट ठेव. सवय आहे. भीतीही आहे.

आज फोनवर मायनं सांगितलं, खाला आता गावोगाव फिरत नाही. गुडघे गेले. दुकानात बसते, दिसतं कमी, बांगड्यांचा रंग गिऱ्हाइकाला विचारते. सूनबाई बरी आहे, पण तिला लहान लेकरं.

खाला, तुला हे वाचून दाखवायला कुणी मिळेल न मिळेल. मिळालं तर तू म्हणशील, पोट्टी लय लिहाले शिकली, आणि दुसरं काहीतरी काढशील. म्हणून समोर न बोलता इथं लिहून ठेवते. तुला काही होऊ नये. पण माणसाला होतं. तेव्हा मला कळवायला सांग. गिरणीत कितीही घाईचे दिवस असोत, सुट्टी मिळो न मिळो, काम जावो, मी दोन गाड्या बदलून येईन आणि तुझ्या खाटेपाशी खाली फरशीवर बसेन. तू बरी होईस्तोवर उठणार नाही.